खालची, मधली खोली

पिशवीकाकूंच्या घरी चहा मागितला की आधी गाठी सुटल्याचा आवाज यायचा. साखर एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, चहाची पूड तिसरीत आणि गाळणीसुद्धा चौथीत. प्रत्येक पिशवीच्या तोंडाला दोन गाठी, त्याही ओढून मारलेल्या. रेशनकार्ड पिशवीत, लग्नाचा फोटो पिशवीत, देवाची पोथी पिशवीत. गॅलरीतला कढीपत्ता तेवढा मोकळा होता, पण त्याची कुंडी पिशवीतच होती. चहा हातात येईपर्यंत मला परत भूक लागलेली असायची.

महाडात या गोष्टीला कोणी हसत नाही. सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत येणं आम्हाला नवं नाही. पण त्या एका मोठ्या पुरात पाणी काकूंच्या खालच्या खोलीतल्या पंख्यापर्यंत चढलं. माझं दुकान त्यांच्या समोरच, माझी दोन्ही झेरॉक्सची यंत्रं त्याच पाण्यात गेली. पाणी ओसरलं आणि पंधरा दिवसांत काकूंचे यजमान आप्पा तापानं गेले. तेव्हापासून काकू वरच्या मजल्यावर राहायला गेल्या. खालची खोली झाडून पुसून कुलूप लावून ठेवलेली. आप्पांबद्दल त्या बोलत नसत आणि आम्हीही विचारत नसू.

मी लोकांचे फॉर्म भरून देतो. एका चौकटीत एकच उत्तर, ही माझी रीत. काकूंचं सगळं त्याच्या उलट. त्यांच्या प्रत्येक सांगण्याला शेपूट असायचं, आणि ते शेपूट सांगण्याच्या विरुद्ध दिशेला वळलेलं असायचं. "मी सांगते तसंच कर प्रकाश, पण माझ्या भरवशावर राहू नको." हे एका दमात. मी त्यांना एकदा विचारलं, मग मी करू काय? त्या म्हणाल्या, "तेच तर सांगते." पंचवीस वर्षं मी त्यांचा शेजारी होतो. त्यातली निम्मी वर्षं तरी मी गोंधळलेला होतो.

त्यांचा मुलगा निलेश मुंबईला नोकरीला. एका शिमग्याला तो घरी आला आणि म्हणाला, "मम्मी, आपण क्रूझवर जाऊ. तुला काय टेन्शन नाय, फक्त बॅग भर." काकूंनी विचारलं, ते जातं कुठं? निलेश म्हणाला, मुंबईहून निघतं, समुद्रात फिरतं, गोव्याला थांबतं आणि परत मुंबईला येतं.

काकूंना हे पटेना. मुंबई-गोवा रस्ता आमच्या गावावरूनच जातो. त्या दुकानात येऊन मला म्हणाल्या, "म्हणजे गोव्याला जायला आधी उलटं मुंबईला जायचं, मग पाण्यातनं परत आपल्याच बाजूनं खाली यायचं, आन गोवा बघून पुन्हा मुंबई? मग घरी यायला परत एस्टी?" मी हो म्हणालो. "मग जायचं कशाला?" मी नकाशा काढून दाखवला, तर नकाशावर ते आणखीच वेडेपणाचं दिसायला लागलं.

दोन दिवसांनी त्याच परत आल्या. चेहरा मोकळा झालेला. म्हणाल्या, "मला कळलं. तिथं कुठं जायचं नसतंय रे. राहायचं असतंय. आन राहायचं तर तयारी पायजे." त्या दिवसापासून त्यांची तयारी सुरू झाली ती दोन वर्षं चालली.

माझ्याकडे बिघडलेल्या झेरॉक्सचे पाठकोरे कागद पडलेले असतात. त्यावर त्या लिहायच्या. मी जहाजाची माहिती मोबाइलवर वाचून दाखवायचो आणि त्या विचारून विचारून माझं डोकं पिकवायच्या. त्यांचं पहिलं कलम असं होतं की एक दिवस आधी मुंबईत पोचायचं. जहाज सुटायच्या कितीतरी आधी त्याचं दार बंद होतं, एस्टीसारखं मागून पळत जाऊन पकडता येत नाही, आणि माणगावला गाडी अडकली की पुढचं देवालाच ठाऊक. "मुंबईत आपलं कोण नाय, असा माणूस या दोन तालुक्यांत असायचा नाय. कोणाकडं तरी टेकायचं." तिकिटावरचं नाव आणि आधारकार्डावरचं नाव अक्षरानं अक्षर एक हवं. मोठी बॅग धक्क्यावरच काढून घेतात, ती खोलीवर यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा, कागद आणि कपड्यांचा एक जोड लहान पिशवीत, खांद्याला. इस्त्री, काडेपेटी, उदबत्ती न्यायची नाही. घरचं जेवण नेऊ देत नाहीत. "तरी आलेपाक ने. नायतर नको नेऊ. ने, पण विचारून ने." आणि जहाज सुटायच्या आधी लाइफ जॅकेट घालायचं शिकवतात, तिथं झाडून सगळ्यांनी जायचं. या कलमाला मात्र शेपूट नव्हतं. "भोंगा वाजला की तोंडातला घास टाकून उठायचं," त्या म्हणायच्या, आणि तेव्हा हसत नसायच्या.

या कागदांची कीर्ती पसरली. महाड-पोलादपुरात घरटी कोणीतरी मुंबईला असतोच, आणि हल्ली मुलांना आईबापांना कुठंतरी पाठवायची हौस असते. कोणाचं जहाजाचं ठरलं की लोक पिशवीकाकूंकडे यायला लागले. दासगावचे एक रिटायर्ड कारकून आले. त्यांनी विचारलं, "बॅग काढून घेतात म्हणजे कोण घेतात?" काकू म्हणाल्या, "ते." "ते कोण?" "ते मला ठाऊक नाय. पण घेतात." कारकुनांनी वहीत 'ते' असं लिहून घेतलं. कुडपणहून एक म्हातारा-म्हातारी आले. डोंगरावरून उतरायलाच त्यांचा अर्धा दिवस गेलेला. काकूंनी त्यांना सांगितलं की किनारा सुटला की फोनमधलं विमानाचं चित्र दाबायचं, नाहीतर नसता खर्च होतो. म्हातारा म्हणाला, "जहाजात बसून इमान कशाला दाबायचं?" काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी झेरॉक्सच्या यंत्राकडे पाहिलं.

काकू स्वतः कधीही जहाजावर गेलेल्या नव्हत्या. मी हे आलेल्यांना प्रामाणिकपणे सांगायचो. त्यावर दासगावचे कारकून म्हणाले, "म्हणून तर यांना विचारतोय. जाऊन आलेला माणूस मजेचंच सांगतो."

पहिले प्रत्यक्ष गेले ते काकूंचे कापडे गावचे भाऊ किसनदादा आणि वहिनी. दादा भातशेतीतला माणूस, मुलांनी हौसेनं तिकीट काढायला सांगितलं. बुकिंग मीच केलं. खोली कुठली घ्यायची अशी चौकट आली तेव्हा काकू म्हणाल्या, "वरची. सगळ्यात वरची. यात विचारायचं काय?" आणि मीही विचारलं नाही. इथंच आमचं चुकलं, आणि अशी चूक महाडकरच करू जाणे. पाणी म्हटलं की आमचे पाय जिन्याकडे जातात. आमच्याकडे तांदळाची पोती वर, टीव्ही वर, म्हातारी माणसं वर. मी सगळ्यात वरच्या मजल्यावरची, तीही अगदी पुढच्या टोकाची खोली घेतली आणि छान काम झालं म्हणून आम्ही दोघं चहा प्यायलो.

वहिनींना अशी बोट लागली की गोवा त्यांनी पाहिलाच नाही. परत आल्या त्या थेट काकूंच्या जिन्यात येऊन बसल्या. "वन्सं, तुमच्या वरच्या मजल्यानं मला पार आडवी केली. भिंतीला धरून राहिले तीन दिवस." किसनदादा म्हणाले, "तिथला पोरगा बोलला मला, आजोबा, पुढच्या खेपेला खालची घ्या. खालची आन मधली. तिथं हलत नाय." काकू म्हणाल्या, "खालची?" दादा म्हणाले, खालची. काकूंनी पुन्हा विचारलं, "पाण्याच्या जवळची?"

मग त्या माझ्याकडे आल्या. मी त्यांना एस्टीचं उदाहरण दिलं. आंबेनळी घाटात मागच्या बाकावर बसलेला माणूस उडतो आणि मधल्या बाकावरचा झोप काढतो, तसंच ते. काकूंना ते लगेच कळलं. त्यांनी कागदावरची 'वरची' ही ओळ खोडली, खाली मोठ्या अक्षरात 'खालची, मधली' असं लिहिलं आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलं. कुडपणचे दोघं तशी खोली घेऊन गेले आणि मजेत परत आले. म्हातारा म्हणाला, हललं तर नायच, उलट घरी आल्यावर जमीन हलते असं वाटतंय. वर ताकाची कासंडी देऊन गेला.

अशात निलेशला दुबईची नोकरी लागली. जानेवारीत रुजू व्हायचं, आणि पहिली दोन वर्षं तरी सुट्टी नाही. त्यानं फोनवर आईला सांगितलं, "मम्मी, आता पुढं ढकलू नको. दिवाळीनंतर तीन दिवस आपण दोघंच. मग मी निघतो." काकूंना एकुलता एक मुलगा. आप्पा गेल्यापासून तो येऊन-जाऊन असायचा, पण दोन दिवसांच्या वर कधी राहिला नव्हता, आणि राहिला तरी मायलेकांत बोलणं म्हणजे जेवलास का, निघालास का, पोचलास का. हे तीन दिवस हुकले तर पुढं काय होईल हे कोणी सांगायला नको होतं.

काकू दुकानात आल्या. मी फॉर्म उघडला. खोलीच्या चौकटीशी आल्यावर म्हणालो, खालची, मधली? त्या म्हणाल्या, "हो." मी बटण दाबणार तेवढ्यात म्हणाल्या, "थांब. वरची कर." मी वरची केली. "नको, वरची नको. वहिनीचं काय झालं बघितलंस ना. खालची कर." मी खालची केली. "राहू दे रे आज." दुसऱ्या दिवशी हेच. चार दिवसांनी पुन्हा हेच. दुकानात माणसं खोळंबलेली, दाखल्यांची गर्दी, आणि या खुर्ची अडवून बसलेल्या. माझा तोल गेला. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "काकू, दोन तालुक्यांना सांगता खालची घ्या, आणि स्वतःच्या वेळेला हे काय नाटक?"

त्या माणसं पांगेपर्यंत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मला कळतंय रे खालची बरी. पायांना नाय कळत."

आणि मग त्यांनी मला ते सांगितलं. पुराच्या सकाळी दोघंही वर चढले होते. खाली कमरेइतकं पाणी झालं होतं. तेव्हा काकूंना आठवलं की कपाटातली कागदांची पिशवी खालीच राहिली. घराचे कागद, निलेशचे कॉलेजचे दाखले, सगळं त्यात. "मीच म्हटलं त्यांना, पिशवी राहिली. ते उतरले. छातीभर पाण्यातनं पिशवी घेऊन आले. कागदाचा लगदा झालेला. मग ताप भरला तो उतरलाच नाय. मी म्हटलं नसतं तर ते खाली गेले नसते, प्रकाश." हे त्यांनी निलेशलाही कधी सांगितलं नव्हतं. आपण आत्ता काय बोलून बसलो याची मनापासून लाज वाटली, ती अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी खालच्या खोलीचं कुलूप काढलं. श्रावण चालू होता, बाहेर पाऊस. त्यांनी फरशीवर चटई टाकली, दार उघडं ठेवलं आणि आडव्या झाल्या. मला समोरून सगळं दिसत होतं. पाच मिनिटांत उठल्या, उंबऱ्याशी आल्या, वाकून हात लावून तो कोरडा आहे का पाहिला आणि वर निघून गेल्या. मला वाटलं झालं. पण दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. गल्लीतल्या लोकांना काही उलगडेना. वर एवढी हवेशीर खोली असताना काकू दमट फरशीवर का पडतात, सांधे धरतील की, असं जो तो मला विचारायचा. मी सांगायचो, जहाजाची तयारी चालली आहे. त्यानं लोक आणखीच बुचकळ्यात पडायचे.

हळूहळू त्यांचं उंबऱ्याशी जाणं कमी झालं. एका दुपारी त्या अर्धा तास पडल्या. त्या वर्षी गणपती त्यांनी खालच्या खोलीत बसवला, पुरानंतर पहिल्यांदा. गौरीला आलेल्या वहिनी दारातच थबकल्या. आत यावं की वर जावं हे त्यांना समजेना. नवरात्रात एकदा मी त्यांच्या नावाचं टपाल द्यायला गेलो तर काकू चक्क घोरत होत्या. मी पाकीट दारात ठेवलं आणि दुकानात येऊन निलेशला फोन केला. खालची, मधली, असं विचारून घेतलं. बटण मीच दाबलं. संध्याकाळी काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं केलंस. मला विचारायला पायजे होतंस. पण बरं झालं नाय विचारलंस."

दिवाळीनंतर त्या गेल्या. आपल्याच कलमाप्रमाणे एक दिवस आधी, लहान पिशवी खांद्याला लावून. ते चार दिवस मला करमलं नाही. आता खरी माहिती मिळेल म्हणून मी कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा बाजूला काढून ठेवला होता. जेवण कसं असतं, बॅग घेणारे 'ते' कोण, गोव्याला उतरून किती वेळ मिळतो, सगळे प्रश्न तयार होते.

काकू आल्या आणि यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांना देता येईना. डेकवर काय आहे? "एकदा गेलो होतो. वारा होता." गोवा? "उतरलोच नाय." जेवण? "होतं काहीतरी." मी वैतागलो. दोन वर्षं तयारी केली आणि तिथं जाऊन केलं काय? त्या म्हणाल्या, "खोलीत बसलो होतो रे. मी आन निलेश."

खोलीला खिडकी नव्हती, त्या सांगत होत्या. पहिल्या दिवशी जेवून आल्यावर त्या पलंगावर आडव्या झाल्या. आपल्याला भीती वाटेल म्हणून वाट बघत होत्या, पण वाटेना. उलट निलेशच उठून बसला, घामाघूम झाला. काकूंनी काय झालं विचारलं. मग म्हणाला, मम्मी, पप्पा माझ्यामुळं गेले. पुराच्या सकाळी फोन चालू होते तोपर्यंत त्यानं आप्पांना फोन केला होता आणि सांगितलं होतं, पप्पा, माझे दाखले खाली कपाटात आहेत, तेवढे काढा. पुढं फोन बंद पडले, रस्ते बंद झाले, तो पोचला तेव्हा आप्पा अंथरुणाला खिळलेले. हे तो इतकी वर्षं एकट्याच्या पोटात घेऊन होता. म्हणून घरी दोन दिवसांच्या वर टिकत नव्हता. काकू त्याला म्हणाल्या, नाय रे, मी पाठवलं त्यांना. तो म्हणाला, नाय, मीच. तीन दिवस त्या बिनखिडकीच्या खोलीत बसून दोघं एकमेकांना हेच पटवत होते.

मी विचारलं, मग ठरलं काय? आप्पांना पाठवलं कोणी?

काकू माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. "नाय कळलं. ते काय आता कळायचं नाय. पण प्रकाश, एक गोष्ट तुला सांगते. चाळीस वर्षांच्या संसारात त्या माणसानं माझं कधी काय ऐकलं नाय. म्हटलं छत्री न्या, तर नाय न्यायचे. पोराचं तर मुळीच ऐकायचे नाय. आन आम्ही दोघंही समजून बसलो, की त्या एका दिवशी ते आमचं ऐकून गेले." त्यांना हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांना पाणी आलं. मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

जानेवारीत निलेश दुबईला गेला. निघण्यापूर्वी तो महाडच्या घरी आठ दिवस राहिला, खालच्या खोलीत. त्यानंतर महिन्याभरात काकूंनी घर भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि कापड्याला भावाकडे राहायला निघाल्या. मला हे मुळीच आवडलं नाही. मी म्हणालो, "काकू, इतकी वर्षं भीती वाटत होती तेव्हा इथून हलला नाहीत. आता खाली निवांत झोपता आणि आता जाता? याला काय अर्थ आहे?"

किसनदादांनी आणलेली रिक्षा उभी होती. सामान चढवून झालं होतं. काकू म्हणाल्या, "तेव्हा डोळा लागायचा नाय, म्हणून घर राखत बसले. आता कुठंही झोप लागते रे. मग इथंच कशाला?"

रिक्षा वळेपर्यंत मी रस्त्यात उभा होतो. मला आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, ते माझं मलाच सांगता आलं नसतं.